उंदराला आमवात होतो का?

औषधाच्या खोक्यावर, तेलाच्या बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात किंवा वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत एक वाक्य हमखास भेटते : ‘प्राण्यांवरील प्रयोगांत संधिवातावर गुणकारी ठरले आहे.’ वाक्य बहुतेक वेळा खोटे नसते. असा प्रयोग खरोखरच झालेला असतो आणि त्यावरचा निबंध कुठल्या तरी नियतकालिकात छापूनही आलेला असतो. पण त्या वाक्यात तीन प्रश्न दडलेले असतात. प्राणी कोणता? संधिवात कोणता? आणि त्या प्राण्याला तो झाला कसा?

माझ्या थोरल्या बहिणीला आमवात होऊन सतरा वर्षे झाली. घरी येणारा प्रत्येक जण तिला काहीतरी सुचवून जातो, सोबत असा एखादा कागदही देतो. असाच एक कागद वाचून तिने मला विचारले, ‘‘अरे, पण उंदराला आमवात होतो का?’’ मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य मुद्रितशोधनात गेले. शास्त्रातले जे काही कळते ते शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक निबंध चार-चार वेळा वाचून. ताईच्या प्रश्नाचा माग काढता काढता या विषयाचा नाद लागला आणि दहा-बारा वर्षे तो सुटलेला नाही. प्रश्नाचे थेट उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. घरातल्या किंवा शेतातल्या उंदराला माणसासारखा आमवात होत असल्याचे दिसत नाही. प्रयोगशाळेत तो उंदराला दिला जातो. तो कसा दिला जातो, यावरच खोक्यावरच्या वाक्याची किंमत ठरते.

आधी नावाचा घोळ

आपण ‘संधिवात’ हा एकच शब्द अनेक आजारांसाठी वापरतो. साठीच्या पुढे गुडघ्याची कूर्चा झिजते तोही संधिवात आणि पस्तिशीतल्या बाईची बोटे सकाळी तासभर वळत नाहीत तोही संधिवात. पहिल्यात मुख्य गोष्ट झीज. डॉक्टर त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. दुसऱ्यात मुख्य गोष्ट दाह; त्याचे नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत या दुसऱ्यासाठी ‘आमवात’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द जुना आहे. माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र अध्याय आहे. आयुर्वेदाची कल्पना आणि आधुनिक निदान तंतोतंत एक नव्हेत, पण या लेखापुरता मी तोच शब्द वापरतो.

आमवातात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते. त्यात प्रतिकार पेशींची गर्दी होते, अस्तर सुजून जाड होते आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. दोन्ही हातांचे लहान सांधे बहुधा आधी धरतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दुपटी-तिपटीने अधिक दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली घरोघरी जाऊन सांधेदुखीचे सर्वेक्षण झाले. ग्रामीण भारतात या आजारांची अशी मोजदाद तोवर फारशी झालेली नव्हती. त्यात आमवाताचे प्रमाण दर हजार प्रौढांत सुमारे पाच असे आढळले. आकडा लहान वाटतो, पण पाच हजार प्रौढांच्या गावात ही पंचवीस माणसे झाली आणि त्यांतल्या बहुतेक घर चालवणाऱ्या बायका.

प्राण्याविना मिळालेली औषधे

आमवातावरची दोन जुनी आणि मोठी औषधे उंदरांच्या सांध्यांतून आलेली नाहीत, हे मला कळले तेव्हा नवल वाटले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील डॉ. फिलिप हेंच यांनी १९२९ पासून एक गोष्ट टिपून ठेवली होती. आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की सांधे काही काळ मोकळे होतात, आणि गरोदरपणातही बऱ्याच बायकांना आराम पडतो. म्हणजे शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी एका तरुण रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना आणखी दोघांसह नोबेल मिळाले. कॉर्टिसोनचे दुष्परिणामही लवकरच दिसले, पण दाह विझवता येतो हे सिद्ध झाले होते.

दुसरे औषध मेथोट्रेक्सेट. आज आमवाताच्या बहुतेक रुग्णांचे उपचार आठवड्यातून एकदा घ्यायच्या याच गोळ्यांपासून सुरू होतात. त्याचे थोरले भावंड अमिनोप्टेरिन १९५१ मध्ये आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. ही दोन्ही रसायने अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली तयार झाली, आणि ती मुळात कर्करोगासाठी होती.

मग प्राणी हवेत कशाला? कारण रुग्णाच्या खाटेशेजारी बसून एका मर्यादेपुरतेच कळते. औषध लागू पडले हे दिसते. का पडले ते दिसत नाही. माणसाचा सांधा दर आठवड्याला उघडून पाहता येत नाही. शिवाय आमवात दिसू लागतो तेव्हा तो आतून जुना झालेला असतो. रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवरून असे दिसले आहे की आमवाताशी निगडित प्रतिपिंडे पहिला सांधा सुजण्याच्या काही वर्षे आधीपासून रक्तात असू शकतात. ही सुरुवात पाहायची तर आजार ठरावीक दिवशी सुरू करता आला पाहिजे. तसे माणसात करता येत नाही, करूही नये. म्हणून प्राण्यात आजाराचे एक प्रारूप, म्हणजे मॉडेल, घडवले जाते.

इथे एक खुलासा. मराठीत आपण रॅट आणि माउस दोघांनाही उंदीर म्हणतो. प्रयोगशाळेत ते दोन वेगळे प्राणी आहेत आणि संधिवाताच्या बाबतीत ते वेगळे वागतात. म्हणून इथून पुढे मोठ्याला ‘रॅट’ आणि छोट्याला ‘उंदीर’ म्हणतो.

तीन तासांची सूज

सर्वांत सोपे प्रारूप १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या संशोधकांनी मांडले. कॅराजिनन हा तांबड्या समुद्रशैवालापासून काढलेला चिकट पदार्थ. आइस्क्रीम दाट करायलाही तो वापरतात. त्याचे सौम्य द्रावण रॅटच्या मागच्या पंजाच्या तळव्यात किंचितसे टोचायचे. तीन-चार तासांत पंजा टरारून फुगतो. पंजा द्रवात बुडवून, किती द्रव बाजूला सरला यावरून सूज मोजायची. औषध साधारण तासभर आधी दिलेले असते. सूज कमी आली तर औषध दाहशामक. इंडोमेथॅसिन हे परिचित वेदनाशामक निवडताना ही चाचणी कामी आली.

चाचणी स्वस्त आहे, एका दिवसात होते. म्हणून आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत ती वर्षानुवर्षे होत आली आहे आणि असंख्य वनस्पतींचे अर्क तिच्यातून गेले आहेत. पण तिच्यात सांधा नाही, कूर्चा नाही, प्रतिकार यंत्रणेचा स्वतःशी झालेला बेबनाव नाही. आहे ती फक्त काही तासांची सूज, गांधीलमाशी चावल्यावर हात सुजतो तशी. या चाचणीतून उतरलेल्या पदार्थाला ‘सूज कमी करणारा’ म्हणणे रास्त आहे. त्याला ‘संधिवातावर गुणकारी’ म्हटले की पुरावा संपून जाहिरात सुरू होते.

तेल, मेलेले जंतू आणि रॅट

खऱ्या अर्थाने सांध्यांचे पहिले प्रारूप त्याआधीच हाती आले होते. ज्यूल्स फ्रॉइंड या शास्त्रज्ञाने प्रतिकारशक्तीला चेतवणारे एक मिश्रण तयार केले होते : खनिज तेल आणि त्यात क्षयाच्या कुळातले मेलेले जंतू. लस किंवा प्रथिन या मिश्रणातून टोचले की शरीर जोरदार प्रतिपिंडे बनवते. १९५४ मध्ये काही संशोधक या मिश्रणातून रॅटना प्लीहेचा अर्क टोचत होते आणि त्यांना दिसले की रॅटचे अनेक सांधे सुजत आहेत. १९५६ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी दाखवून दिले की अर्काची गरजच नाही. नुसते तेल आणि जंतूही पुरतात. टोचल्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी, जिथे टोचले तिथून दूरचे सांधेही धरतात.

या प्रारूपाने एक मोलाची गोष्ट शिकवली. ‘लुइस’ जातीच्या रॅटना हा दाह सहज होतो, ‘फिशर’ जातीचे रॅट त्याला दाद देत नाहीत. अर्थात फरक आनुवंशिक आहे असे वाटते. पण तेच फिशर रॅट जन्मापासून पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवले तर त्यांनाही तीव्र दाह होतो. म्हणजे आतड्यांत राहणारे साधे जंतू त्यांना वाचवत होते. आज आपण पोटातल्या जंतूंबद्दल जे बोलतो, त्याची एक खूण या पंजांत आधीच उमटली होती.

मर्यादाही स्पष्ट होती. रॅटचा हा दाह काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. माणसाचा ओसरत नाही. आणि तेच मिश्रण उंदराला टोचले तर त्याचे सांधे सहसा धरत नाहीत. दोन कृंतकांत इतका फरक, तर कृंतक आणि माणूस यांच्यात किती असेल, याचा अंदाज इथेच यायला हवा.

स्वतःच्याच कूर्चेशी वैर

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेंथम आणि सहकाऱ्यांनी मिश्रणात एक नेमकी गोष्ट घातली : कूर्चेतले मुख्य प्रथिन, दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन. रॅटना संधिवात झाला. १९८० मध्ये तेच उंदरांतही जमले. कोंबडीच्या किंवा गाई-बैलाच्या कूर्चेतले कोलॅजन फ्रॉइंडच्या मिश्रणातून टोचायचे, एकविसाव्या दिवशी दुसरी मात्रा द्यायची. उंदराची यंत्रणा या परक्या कोलॅजनविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, आणि ते त्याच्या स्वतःच्या कोलॅजनसारखेच असल्यामुळे ती प्रतिपिंडे घरच्या कूर्चेवर जाऊन बसतात. पुढच्या काही दिवसांत पंजे सुजतात आणि काही आठवड्यांत क्ष-किरण चित्रात हाडे कुरतडलेली दिसतात. प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण. चार पंजांचे मिळून सोळा. निबंधांत ‘सरासरी गुण ११ वरून ४ वर आले’ अशी वाक्ये येतात, ती या मोजपट्टीची.

हे प्रारूप माणसाच्या आमवाताच्या बरेच जवळ जाते आणि म्हणूनच सर्वाधिक वापरले गेले. पण इथेही तपशील पाहावेत. या कामी नेहमीच्या वापरातल्या डीबीए-१ या जातीत नर अधिक बळी पडतात, माणसात स्त्रिया. उंदरात टोचण्यापासून आजारापर्यंत काही आठवडे जातात. माणसात कित्येक वर्षे.

काही प्रारूपे अनपेक्षित हाती आली. १९९६ मध्ये स्ट्रासबर्ग येथे वेगळ्याच कारणासाठी दोन जातींचा संकर केला आणि पिल्लांचे सांधे आपोआप सुजू लागले. तीन वर्षांनी कळले की त्यांची प्रतिपिंडे सांध्यातल्या कुठल्या खास पदार्थाविरुद्ध नाहीत. ती शरीरातल्या प्रत्येक पेशीत असणाऱ्या, साखर पचवणाऱ्या एका विकराविरुद्ध आहेत. लक्ष्य सगळीकडे असूनही भडका फक्त सांध्यांत का उडावा, हा प्रश्न यातून उभा राहिला. २००३ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांच्या गटाने असा उंदीर मांडला की जनुकातल्या एका बिघाडामुळे त्याला संधिवात होतो, पण अतिस्वच्छ पिंजऱ्यात ठेवले तर होत नाही. बुरशीच्या भिंतीतला पदार्थ दिला की होतो. नुसते जनुक पुरत नाही आणि नुसते वातावरणही पुरत नाही, हे यातून डोळ्यांसमोर आले. प्रतिकार यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशींवरील कामासाठी याच साकागुचींना २०२५ चे नोबेल मिळाले.

जिथे उंदीर खरा ठरला

या साऱ्या इतिहासातला सर्वांत उजळ भाग लंडनमधल्या केनेडी संस्थेचा आहे. सुरुवात प्राण्यापासून नव्हे, माणसापासून झाली. मार्क फेल्डमन, रविंदर मैनी आणि फियोनुला ब्रेनन यांच्या गटाने आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातले अस्तर काचपात्रात वाढवले. त्यात दाह पेटवणारी अनेक रसायने होती. १९८९ मध्ये त्यांनी दाखवले की त्यांतले एकच, ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ म्हणजे टीएनएफ, अडवले तर दुसरे एक महत्त्वाचे रसायनही खाली येते. जणू साखळीची पहिली कडी सापडली.

पण काचपात्रात पेशी शांत झाल्या म्हणजे सांधा वाचेल असे नाही. ते पाहायला जिवंत सांधा हवा होता. १९९१ मध्ये अथेन्समध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने मानवी टीएनएफचे जनुक बेलगाम चालेल अशा रीतीने उंदरांत घातले. उंदरांना काही आठवड्यांतच अनेक सांध्यांचा आजार झाला आणि टीएनएफविरोधी प्रतिपिंडे दिल्यावर तो टळला. १९९२ मध्ये लंडनच्या गटाने कोलॅजन टोचलेल्या उंदरांत टीएनएफ अडवले. आजार सुरू झाल्यानंतर औषध देऊनही सांधे सुधारले. त्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांना हे औषध दिले गेले. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ७३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली : नुसते द्रावण दिलेल्या २४ जणांपैकी २ सुधारले, मोठी मात्रा दिलेल्या २४ पैकी १९. त्यातून आलेली इंजेक्शने आज भारतातही मिळतात.

तीन वेगवेगळ्या साक्षी इथे जुळल्या होत्या : माणसाचे अस्तर, जनुक बदललेला उंदीर आणि कोलॅजनचा उंदीर. एकट्या उंदराच्या शब्दावर कोणी विसंबले नव्हते.

याच कथेला एक पुरवणी आहे, आणि आपल्या देशाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. औषध बाजारात आल्यावर काही रुग्णांत दबलेला क्षय उफाळून आला; २००१ मध्ये ते ठळकपणे नोंदले गेले. संधिवाताच्या उंदराने हे सांगितले नव्हते. स्वच्छ पिंजऱ्यातल्या त्या उंदराला क्षयाचा जंतू कधी भेटलाच नव्हता. पण १९९५ मध्येच क्षयावर काम करणाऱ्यांनी वेगळ्या उंदरांत दाखवले होते की क्षयाला कोंडून ठेवायला टीएनएफ लागतेच. म्हणजे उत्तर एका उंदराकडे होते. प्रश्न दुसऱ्याला विचारला गेला होता. आज ही इंजेक्शने सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात ती यासाठी.

जिथे उंदीर फसवून गेला

फसलेल्यांची यादी लांब आहे. कोलॅजन तोंडाने खाऊ घातले की रॅट आणि उंदरांतला संधिवात टळतो. माणसांतल्या १९९३ च्या पहिल्या चाचणीने आशा वाढवल्या, नंतरच्या चाचण्यांनी त्या मावळल्या. पेशीतला ‘पी-३८’ नावाचा एक विकर अडवणारी औषधे कृंतकांत उत्तम चालली. माणसांत रक्तातला दाहाचा निर्देशांक थोडे दिवस खाली आला आणि पुन्हा वर गेला. कोलॅजनच्या उंदरात ‘इंटरल्युकिन-१’ हे रसायन अडवणे फार परिणामकारक ठरते. त्यावरचे औषध २००१ मध्ये माणसांसाठी आले, पण आमवातात त्याचा गुण बेताचाच.

सगळ्यांत गंभीर घटना १३ मार्च २००६ ची. टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी आणि आमवातासाठी तयार केले होते. त्याच्या रॅटमधल्या जुळ्या औषधाने रॅटचा संधिवात सुधारत होता, कारण ते प्रतिकार यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशी वाढवत असे. माकडांनाही ते सोसले होते. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना ते दिले गेले. मात्रा माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकी. दीड तासाच्या आत सहाही जण कोसळू लागले. शरीरात दाहक रसायनांचा लोंढा सुटला आणि एकेक अवयव निकामी होत गेला. सहाही जण वाचले, पण काहींना कायमचे नुकसान झाले.

नंतरच्या शोधात कारण सापडले. औषध ज्या खुंटीला धरते, ती खुंटी माणसाच्या ‘अनुभवी’ प्रतिकार पेशींवर असते. त्या माकडांच्या तशाच पेशींवर नसते. आणि बंदिस्त, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या रॅटकडे अनुभवी पेशीच थोड्या. ज्याने आयुष्यात गोवर, सर्दी, हगवण पाहिलेली नाही त्याच्या यंत्रणेवरून आपल्या यंत्रणेचा अंदाज बांधला गेला होता.

दुखण्याची किंमत

या साऱ्यात दुखते कोणाला, हेही सांगितले पाहिजे. संधिवाताचे प्रारूप म्हणजे मुद्दाम दिलेले दुखणे. आणि इथे एक खास पेच आहे. बहुतेक वेदनाशामके दाहही कमी करतात. ती दिली तर प्रयोगाचा निकालच बदलतो. म्हणून दाहाला हात न लावणारी वेदनाशामके शोधावी लागतात, किंवा दुखण्याची एक मर्यादा आधी ठरवून, ती ओलांडली की प्राण्याला त्यातून सोडवावे लागते. चांगल्या प्रयोगशाळेत संधिवाताच्या उंदरांना मऊ अंथरूण देतात आणि खाणे वरच्या जाळीऐवजी तळाशी ठेवतात, कारण मागच्या पायांवर उभे राहून ते खाऊ शकत नाहीत. तळव्यात टोचण्याऐवजी शेपटीच्या बुडाशी टोचतात.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज अभ्यासकांनी तीन तत्त्वे मांडली : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, यातना कमी करा. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला नैतिकता समितीची परवानगी लागते. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन, मानवी पेशींपासून बनवलेल्या सूक्ष्म अवयवांसारख्या पद्धतींनाही भारतात मान्यता मिळाली. प्राणी एकदम हद्दपार होतील असे मला वाटत नाही. सांधा, रक्त, हाड आणि आतडे यांचा एकत्र खेळ काचेत मांडणे अजून अवघड आहे. पण ज्या प्रयोगातून नवे काही कळणार नाही, त्यासाठी पंजा सुजवणे मला समर्थनीय वाटत नाही. शंभरावा अर्क त्याच तीन तासांच्या चाचणीतून काढणे या प्रकारात मोडते.

सालईचा डिंक

आता पुन्हा खोक्याकडे येऊ. सालई हे विदर्भ-सातपुड्याच्या जंगलातले ओळखीचे झाड. त्याच्या डिंकाला शल्लकी किंवा सालई गुग्गुळ म्हणतात. १९८६ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी त्याच्या अर्कावर निबंध लिहिला. कॅराजिननने आणलेली सूज आणि फ्रॉइंडच्या मिश्रणाने आणलेला संधिवात, दोन्ही रॅटमध्ये कमी झाले होते. म्हणजे प्राण्याचा निकाल चांगला होता.

मग माणसांत? नागपूरला ३० रुग्णांवर एक चाचणी झाली, २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आजार होता गुडघ्याची झीज. वेदना कमी झाल्या, चालणे सुधारले. क्ष-किरण चित्रात मात्र बदल नव्हता. त्याआधी जर्मनीत याच डिंकाच्या गोळ्या आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिल्या होत्या. त्या चाचणीत नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा उठून दिसेल असा फरक आढळला नव्हता. दोन्ही चाचण्या लहान, त्यामुळे शेवटचा शब्द कोणाचाच नाही. पण रॅटचा एकच निकाल दोन वेगळ्या आजारांच्या खोक्यांवर सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापला जातो, तेव्हा काय हरवते ते इथे दिसते. झीज झालेल्या गुडघ्याला त्या डिंकाने थोडा आराम पडला तर ठीकच आहे. आमवाताच्या रुग्णाने त्याच भरवशावर मेथोट्रेक्सेट थांबवले, तर सूज कमी वाटत असतानाही हाड आतून कुरतडले जात राहते, आणि कुरतडलेले हाड पूर्वीसारखे होत नाही.

म्हणून असा कागद हातात आला की मी चार गोष्टी पाहतो. प्रारूप कोणते : तासांची सूज, की आठवड्यांचा सांधा? औषध कधी दिले : आजाराच्या आधी, की सांधे सुजल्यावर? दवाखान्यात कोणी आजार होण्याच्या तासभर आधी येत नाही. मोजले काय : पंजाची जाडी, की आतले हाड? आणि चौथी, सर्वांत साधी : त्यानंतर माणसांत काय दिसले? चौथ्याचे उत्तर कागदावर नसेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही चांगली असली तरी तो कागद औषधाचा नाही, संशोधनाचा आहे. तो प्रयोगशाळेने वाचायचा; त्यावरून गोळी बदलायची नाही.

उंदराला आमवात होत नाही. आपण त्याला आमवाताचा एकेक तुकडा देतो : कधी सूज, कधी प्रतिपिंड, कधी बेलगाम जनुक. जो तुकडा दिला, त्याबद्दल तो खरे सांगतो. टीएनएफबद्दल त्याने खरे सांगितले, आणि आज कित्येक माणसांची बोटे त्यामुळे वळतात. जो तुकडा आपण त्याला दिलाच नाही, त्याबद्दल त्याच्याकडून साक्ष घेतली, की चूक उंदराची नसते.